पायी आणि सायकलने : नागपूरच्या रस्त्यांवर हक्क कोणाचा?

विशेष प्रतिनिधी

नागपूर : केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी अभियानांतर्गत २०२० मध्ये 'सायकल्स फॉर चेंज' आणि 'स्ट्रीट्स फॉर पीपल' या दोन स्पर्धा जाहीर झाल्या. पहिली सायकलस्वारांसाठी होती, तर दुसरी पादचाऱ्यांसाठी. देशभरातील शहरांतून दोन्ही स्पर्धांत विजयी ठरलेल्या मोजक्या शहरांत नागपूरचा समावेश आहे. हा गौरव उचित असला, तरी सीताबर्डी, इतवारी किंवा सदरमध्ये रस्ता ओलांडणाऱ्या सामान्य नागरिकाला त्याचा प्रत्यय किती येतो, हा प्रश्न उरतोच. पादचारी व सायकलस्वारांचे हक्क कोणते, निकष काय सांगतात आणि ते पदरात पाडून घेण्यासाठी नागरिकांच्या हाती काय आहे, याचा हा आढावा.

चालतो कोण, सायकल चालवतो कोण?

नागपुरात सायकल म्हटली की आज सकाळच्या वेळी सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरी परिसरात हेल्मेट घालून निघणारे हौशी सायकलस्वार डोळ्यांपुढे येतात. या शहराने डॉ. अमित समर्थ यांच्यासारखा दीर्घ पल्ल्याचा सायकलपटू घडविला. २०१७ मध्ये त्यांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही खडतर स्पर्धा एकट्याने पूर्ण केली, तर २०१८ मध्ये रशियातील 'ट्रान्स-सायबेरियन' स्पर्धा. त्यामुळे सायकलीला शहरात प्रतिष्ठा मिळाली, यात शंका नाही.

परंतु सायकलीचा दुसरा चेहराही आहे. हिंगणा एमआयडीसीकडे पाळीवर जाणारा कामगार, पहाटे वृत्तपत्रे टाकणारा मुलगा, घरोघरी दूध पोहोचविणारा गवळी आणि शाळकरी मुले यांची सायकल हौसेची नसून गरजेची असते. घरकामासाठी एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाणाऱ्या महिला तर बहुधा पायीच जातात. २०११ च्या जनगणनेत प्रथमच नागरिक कामावर कसे जातात, याची नोंद झाली. शेतीबाहेरील कामगारांपैकी देशात सुमारे साडेचार कोटी लोक पायी, तर अडीच कोटींहून अधिक सायकलने कामावर जात असल्याचे त्यातून दिसले. सुरक्षित पदपथ ही म्हणूनच शहराच्या शोभेची बाब नाही. ज्याच्याकडे वाहन नाही, त्याला रस्त्याचा न्याय्य वाटा मिळण्याचा तो प्रश्न आहे.

धोका किती, हेही आकडे सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत पादचारी ३२ हजार ८२५ होते. मृत्यू पावलेल्या दर पाच व्यक्तींपैकी जवळपास एक व्यक्ती पायी चालणारी होती.

निकष काय सांगतात?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ मधील मार्गदर्शक संहितेनुसार (आयआरसी १०३) पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद जागा पूर्णतः मोकळी असली पाहिजे. झाड, विजेचा खांब, रोहित्र वा फलक या १.८ मीटरमध्ये येता कामा नये. बाजारपेठेत ही रुंदी याहून अधिक अपेक्षित आहे. पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, कारण उंच पदपथावर वृद्ध चढू शकत नाहीत आणि चाकाच्या खुर्चीचा तर प्रश्नच येत नाही. दर काही पावलांवर इमारतींच्या फाटकांसाठी पदपथ उतरवला, की लोक रस्त्यावरून चालणे पसंत करतात.

नागपूरच्या हवामानाची यात भर पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या शहरात सावली ही चैन ठरत नाही. अलीकडच्या उन्हाळ्यांत वाहनचालकांना उन्हात थांबावे लागू नये, म्हणून दुपारी काही चौकांतील सिग्नल बंद ठेवण्यात आले. हेतू चांगला होता. मात्र सिग्नल बंद असताना वाहनांचा ओघ अखंड राहतो आणि पायी जाणाऱ्याला त्याच उन्हात ताटकळावे लागते. निर्णय घेताना कोणाचा विचार होतो आणि कोणाचा राहून जातो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

कायद्याचा आधार

२००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने 'वाहनांना नव्हे, माणसांना प्राधान्य' हे सूत्र स्वीकारले. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दोन महत्त्वाच्या तरतुदी आल्या. कलम १३८ (१-अ) नुसार पादचारी व विनामोटार वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळाला. कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या आराखड्याचे, बांधकामाचे वा देखभालीचे विहित निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास जबाबदार यंत्रणेस वा कंत्राटदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी याहून पुढचे पाऊल टाकले. पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. ७ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात कलम १३८ (१-अ) खालील नियम सहा महिन्यांत करण्यास राज्यांना सांगण्यात आले आणि देशातील ५० मोठ्या शहरांपासून पदपथांची तपासणी सुरू करण्याचे निर्देश देण्यात आले.

फेरीवाले शत्रू नव्हेत

पदपथ म्हटला की चर्चा फेरीवाल्यांवर येऊन थांबते. सीताबर्डीतील फेरीवाल्यांचा व शहरातील अतिक्रमणांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही वेळोवेळी आला. मात्र पदपथ केवळ हातगाड्यांनीच अडतो, हे खरे नाही. दुकानांच्या पायऱ्या, उभ्या दुचाकी, बांधकामाचे साहित्य आणि खुद्द सरकारी यंत्रणांचे खांब तितकेच अडथळे आणतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधित्व विक्रेत्यांना दिले आहे. विक्रीच्या जागा नीट आखल्या, तर पादचारी आणि विक्रेता दोघांनाही जागा मिळू शकते. शिवाय फेरीवाल्याचा बहुतांश ग्राहक पायीच येतो.

लोकांच्या रेट्याने काय घडले?

आज सायकलींचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नेदरलँड्समध्ये १९७१ मध्ये रस्ते अपघातांत सुमारे ३ हजार ३०० बळी गेले. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले, 'बालहत्या थांबवा' ही चळवळ उभी राहिली आणि पुढील दशकांत तेथील शहरांची रचनाच बदलली. आपल्याकडे पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. त्यामागे स्वयंसेवी संस्थांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुण्यात पादचारी दिन साजरा झाला आणि गजबजलेला लक्ष्मी रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा करण्यात आला.

नागपुरातही 'जनआक्रोश' संस्थेचे कार्यकर्ते, ज्यांत ज्येष्ठांचा भरणा मोठा आहे, चौकाचौकांत उभे राहून वाहतूक नियमांविषयी प्रबोधन करीत आले आहेत. या प्रबोधनाला आता मोजमापाची जोड हवी.

नागरिक काय करू शकतात?

- घरापासून शाळा, बाजार, बसथांबा वा मेट्रो स्थानकापर्यंतच्या रस्त्याची 'पायी तपासणी' करावी. मोजपट्टीने रुंदी व उंची मोजावी, अडथळ्यांची छायाचित्रे घ्यावीत.
- तपासणीला वृद्ध, अपंग, महिला व शाळकरी मुलांना सोबत न्यावे. त्यांना जाणवणारी अडचण इतरांच्या नजरेतून सुटते.
- 'पदपथ खराब आहे' अशी मोघम तक्रार करू नये. 'अमुक ठिकाणी मोकळी रुंदी ०.९ मीटर आहे, निकष १.८ मीटरचा आहे' असे नेमके निवेदन महापालिकेच्या दहापैकी संबंधित झोन कार्यालयात द्यावे आणि पोच घ्यावी.
- रस्त्याचे काम सुरू होण्यापूर्वीच आराखडा मागावा. माहितीचा अधिकार कायद्यानुसार दहा रुपये शुल्कात अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. सिमेंटचा रस्ता एकदा झाला, की चूक दुरुस्त होण्यास अनेक वर्षे लागतात.
- सायकल मार्गाची मागणी करताना केवळ सहलीचे रस्ते न सुचवता कामगार वस्त्या, शाळा आणि औद्योगिक वसाहतींना जोडणारे रस्ते सुचवावेत.

पुरस्कार मिळाले, न्यायालयाचा निर्णयही झाला. आता या हक्काची तड झोन कार्यालयाच्या पातळीवर लागायची आहे. उत्तर नागपुरातील एखादी आजी कोणाचाही हात न धरता दवाखान्यापर्यंत पायी जाऊ शकली, तरच शहराने मिळविलेल्या या मानचिन्हांना अर्थ राहील.