जुळणी : संगणकाचे सुटे भाग आणि देवनागरी अक्षर

‘जुळणी’ हा शब्द मराठीत छापखान्याने रूढ केला. खिळे जुळविणारा तो जुळारी, आणि त्याच्या हातून होते ती अक्षरजुळणी. शिशाचे खिळे गेले, जुळारीही गेले. परंतु पुस्तकाच्या श्रेयपानावर ‘अक्षरजुळणी’ हा शब्द आजही छापला जातो. गेल्या शतकाच्या अखेरीस हाच शब्द दुसऱ्या एका व्यवहारास लागू झाला. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय असे भाग निरनिराळे निवडून त्यांचा संगणक उभा करणे, यालाही लोक जुळणीच म्हणू लागले. या दोन जुळण्यांचा संबंध शब्दसाम्यापुरताच आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. आमच्या मते तो संबंध बराच खोल आहे. मराठीत लिहू इच्छिणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने यंत्राच्या भागांची निवड ही काही काळ अक्षरांच्याच निवडीचा प्रश्न होती, आणि त्या निवडीचे परिणाम मराठीच्या अभ्यासकास अद्याप भोगावे लागत आहेत.

प्रथम स्थळाविषयी थोडेसे. पुण्याचा टिळक रस्ता अलका टॉकीजच्या चौकातून निघतो आणि स्वारगेटपाशी संपतो. या रस्त्यावर व त्याला लागून असलेल्या सदाशिव पेठेत संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने वाढली. ती तेथेच का वाढली, याचे एक कारण उघड आहे. महाविद्यालये, शिकवण्या, पुस्तकांची दुकाने आणि छपाईचे व्यवसाय यांचा हा परिसर. म्हणजे गिऱ्हाईक दाराशी. दुसरे कारण स्वारगेटचे बसस्थानक. सातारा, सांगली, कोल्हापूर, बारामती, पंढरपूर, सोलापूर या बाजूचा माणूस एस्टीने पुण्यास आला, की तो प्रायः येथेच उतरे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा बाजार पुण्याहून मोठा खरा. पण दक्षिणेकडील जिल्ह्यांना टिळक रस्ता जवळचा होता. स्वारगेट हे नाव घोडेस्वारांच्या चौकीवरून पडले, असे सांगतात. ती व्युत्पत्ती ग्राह्य धरली, तर फारसीतून आलेला ‘स्वार’ आणि इंग्रजीतून आलेला ‘गेट’ यांची ही मराठी मुखात झालेली जुळणीच म्हणावी लागेल.

या बाजाराची बोली हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे दोन-तीन गोष्टींचाच निर्देश करतो. प्रोसेसर बोर्डावर ‘बसतो’ किंवा ‘बसत नाही’. बोर्ड अमुक रॅम ‘घेतो’ किंवा ‘घेत नाही’. पॉवर सप्लाय ‘उडतो’. दोन भागांच्या परस्परानुकूलतेसाठी तांत्रिक ग्रंथांत ‘सुसंगतता’ असा भारदस्त शब्द योजतात; पण दुकानातील काम ‘बसणे’ आणि ‘घेणे’ या दोन क्रियापदांवर निभावते, आणि त्यांतील भेदही सूक्ष्म आहे. ‘बसणे’ हे आकाराचे: खाच आणि पिना यांचे. ‘घेणे’ हे स्वीकाराचे: आकार जुळूनही यंत्र तो भाग ओळखील की नाही, याचे. ‘सीपीयू’ या संज्ञेची गंमत निराळीच. वस्तुतः ते प्रोसेसरचे नाव. पण बोलीत ते मॉनिटर व कळफलक वगळून उरलेल्या संपूर्ण पेटीस लागले. अंशाचे नाव अंशीस देण्याचा हा प्रकार अर्थविस्ताराच्या पाठात उदाहरण म्हणून घेता येईल.

सुटे भाग आणून यंत्र उभारण्याची कल्पना महाराष्ट्रात या बाजाराहून पुष्कळ जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये कार्यान्वित केलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक यांचा बनलेला होता. त्याला अंक, अक्षरे व आलेख दाखविणारा एक पडदाही पुढे जोडण्यात आला. परंतु ते गणिताचे यंत्र होते. देवनागरीचा प्रश्न तेथे उद्भवण्याचे कारण नव्हते. तो प्रश्न उद्भवला व्यक्तिगत संगणकाबरोबर.

आयबीएम कंपनीने आपला व्यक्तिगत संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. त्याच्या मदरबोर्डावर पाच रिकाम्या खाचा होत्या, प्रोसेसर इंटेल कंपनीचा होता, आणि यंत्राच्या विद्युत्-आकृत्या कंपनीने स्वतःच्या तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकल्या होत्या. तेव्हा इतरांनी तसेच यंत्र बनविणे अटळच होते. कॉम्पॅक कंपनीने १९८२ च्या अखेरीस आयबीएमशी जुळते यंत्र जाहीर केले आणि मग भागांचा बाजार जगभर सुटा झाला. भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने भागांच्या आयातीवरील बंधने सैल केली. पुढे १९९७ च्या आंतरराष्ट्रीय माहिती-तंत्रज्ञान करारात भारत सहभागी झाला व २००५ पर्यंत त्यातील वस्तूंवरील आयातशुल्क शून्यावर आले. टिळक रस्त्यावरील भरभराटीचा हा पाया होय. शुल्कांचा तपशील अर्थशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपवून मूळ मुद्द्याकडे वळू.

त्या काळी ग्राहकास निवड करावयाची असे ती मुख्यतः स्मृती किती, डिस्क किती आणि पडदा कोणता, या तीन बाबतींत. यांतील पडद्याचे कार्ड हा भाग लिपीच्या दृष्टीने निर्णायक होता. आयबीएमच्या एकरंगी कार्डात अक्षरांचे आकार कायमचे कोरलेले असत; एका अक्षरास ९ गुणिले १४ ठिपक्यांचे घर, आणि त्या घरात जे कोरले तेच उमटावयाचे. रंगीत कार्डावर आकृत्या काढता येत. पण त्याचे अक्षराचे घर ८ गुणिले ८ ठिपक्यांचे. रोमन लिपीला ते कसेबसे पुरे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, मध्ये जोडाक्षर. ‘कार्त्स्न्य’ हा शब्द आठ ठिपक्यांच्या उंचीत कोणी बसवून दाखवावा! छापखान्यात जुळारीने खिळ्यांचे थर लावून सोडविलेला प्रश्न येथे नव्याने उभा राहिला, आणि या वेळी तो प्रश्न कोणते कार्ड विकत घ्यावयाचे, या रूपाने आला.

ही अडचण केवळ आपली नव्हती. १९८२ मध्ये बाजारात आलेले हर्क्युलिस कार्ड वान सुवन्नुकुल यांनी तयार केले, ते स्वतःचा प्रबंध थाई लिपीत लिहिता यावा म्हणून, असे त्याच्या जन्माविषयी सांगितले जाते. थाई लिपीही ब्राह्मीकुलातील. तिचीही स्वरचिन्हे अक्षराच्या वर आणि खाली बसतात. या कार्डाने ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांचे चित्र एकरंगी पडद्यावर आणले आणि ते जगभर खपले. विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना थाई लिपीशी काही कर्तव्य नव्हते. एका लिपीच्या गरजेतून निर्माण झालेला भाग सर्वांच्या यंत्रात जाऊन बसला.

आपल्याकडील उत्तर पुण्यातून आले. निदान त्याला बाजाराचे रूप पुण्यात मिळाले. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाली. तिचे नाव झाले ते ‘परम’मुळे. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, तेव्हा डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. ‘परम’ हे नाव समांतर यंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून काढलेले, आणि तरी ते संस्कृत विशेषणही होते. हीसुद्धा सुट्या भागांच्या निवडीचीच कथा. बंदीच्या कक्षेत न येणारा, बाजारात मिळणारा इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर त्यांनी निवडला. त्याला प्रत्येकी चार जोडमार्ग असल्यामुळे तसे अनेक एकमेकांस जोडता येत. पण याच संस्थेने दुसरा, लहानसा भाग लोकांच्या हाती दिला, त्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे. तो म्हणजे ‘जिस्ट’ कार्ड. त्यामागील संशोधन कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले होते. मोहन तांबे यांचे नाव त्याच्याशी निगडित आहे.

जिस्ट कार्ड संगणकाच्या रिकाम्या खाचेत बसे. त्याची युक्ती अशी की, डॉसवरील शब्दलेखनाच्या किंवा माहितीसंचयाच्या सामान्य आज्ञावलीस आपण मराठी हाताळीत आहो याचा पत्ताच नसे. तिला दिसत ते संकेतांक. त्यांची अक्षरे बनविण्याचे काम कार्ड करी. फाइलीत ‘क्ष’ असा आकार साठविला जात नसे. तेथे क, हलन्त आणि ष असे तीन संकेत असत. जोडाक्षर कसे दिसावे हा दाखविणाऱ्याचा प्रश्न, ते काय आहे हा लिहिणाऱ्याचा. पाणिनीच्या परंपरेत वाढलेल्यांना हा विवेक नवा नाही. हे संकेत ‘इस्की’ या नावाने प्रमाणित झाले व १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांना एकच आराखडा असल्यामुळे त्यांत मराठीची थोडी गैरसोय झाली, हेही नमूद केले पाहिजे. ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढे जागा मिळाली; आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. यंत्राने नुसत्या संकेतांच्या क्रमाने यादी लावली, की काळे, कावळे, काशीद असा क्रम येई; शाळेत शिकलेल्या क्रमाने तो कावळे, काशीद, काळे असा हवा.

आता ग्राहकाच्या जागी उभे राहून पाहावे. कोटेशनच्या कागदावर कार्डाची ओळ वेगळी, तिची किंमत वेगळी. तेच पैसे अधिक रॅमवर किंवा मोठ्या डिस्कवर घातले तर यंत्र डोळ्यांदेखत वेगवान होते. त्यातच १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर ट्रूटाइप फॉन्ट आले आणि कार्डावाचून देवनागरी दिसू लागली. या पद्धतीत रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत: कोठे काना, कोठे अर्धा स, कोठे रफार. ही खऱ्या अर्थाने जुळारीची पेटी होती. तिने पडद्यावर व कागदावर दिलेली अक्षरे कार्डाच्या ओबडधोबड अक्षरांहून कितीतरी देखणी होती, आणि मराठी ग्रंथ व नियतकालिके यांची छपाई तिने सुलभ केली, हे श्रेय नाकारता येणार नाही. काही आज्ञावलींसोबत प्रिंटरच्या पोर्टात खोचावयाचे एक कुलूप येई. तेवढाच यंत्राचा भाग काय तो उरला. मात्र फाइलीत साठविला जाई तो मजकूर मराठी नव्हता. तो त्या विशिष्ट फॉन्टच्या तुकड्यांचा अनुक्रम होता. फॉन्ट काढून घेतला, की उरत निरर्थक रोमन अक्षरे. आणि प्रत्येक निर्मात्याची तुकड्यांची मांडणी निराळी.

नव्वदीच्या दशकात ग्राहकाने केलेली ही निवड त्या वेळी निवड वाटलीही नसेल. दरम्यान यंत्रच बदलले. जुन्या पद्धतीच्या खाचांची जागा १९९२ नंतर पीसीआय खाचांनी घेतली आणि २००० च्या सुमारास नव्या मदरबोर्डांवर जुनी खाच उरली नाही; म्हणजे जुन्या कार्डाला बसावयास जागा राहिली नाही. त्याच वर्षी आलेल्या विंडोज २००० मध्ये युनिकोडची देवनागरी अंतर्भूत होती. युनिकोडचा देवनागरी विभाग १९८८ च्या इस्कीवर आधारलेला आहे. कार्डातील विवेक अशा रीतीने यंत्राच्या गाभ्यात शिरला आणि कार्ड मात्र भंगारात गेले.

याचा परिणाम आपल्या विभागांना प्रत्यक्ष भोगावा लागतो. बोलींच्या शब्दयाद्या, लोकगीतांची संकलने, प्रबंधांची टंकलिखिते असा त्या दशकातील मजकूर जेथे इस्कीमध्ये आहे, तेथे तो युनिकोडमध्ये आणणे सोपे आहे; दोहोंचा वर्णक्रम समांतर आहे, लहानशी आज्ञावली पुरते. जेथे तो फॉन्टच्या तुकड्यांत आहे, तेथे त्या त्या फॉन्टची स्वतंत्र सारणी बनवावी लागते, आणि ऱ्हस्व वेलांटीपाशी व रफारापाशी हमखास गफलत होते, कारण छापण्याचा क्रम आणि उच्चाराचा क्रम तेथे भिन्न असतो. बोलींच्या याद्यांत तर ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांचाच भरणा. ‘ऱ्य’मधील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो, ‘ॲ’ला स्वतःचा संकेत मिळावयास २००८ साल उजाडले. म्हणून एकाच शब्दाच्या दोन नोंदी शोधात भिन्न ठरतात आणि वारंवारितेची गणना बिघडते.

आज टिळक रस्त्यावर संगणक जुळवून घेणाऱ्याचा सर्वांत मोठा खर्च पुन्हा पडद्याच्या कार्डावरच होऊ लागला आहे, हा योगायोग लक्षणीय आहे. अक्षरे काढण्याशी आता त्याचा खास संबंध राहिलेला नाही. खेळांसाठी आणि समांतर आकडेमोडीसाठी ते घेतात, आणि भाषेची प्रारूपे चालवू पाहणारा संशोधक कार्डावर स्मृती किती, हे प्रथम विचारतो. त्या प्रारूपांना पुरवावयाचा मराठी मजकूर मात्र वर सांगितलेल्याच फाइलींतून काढावा लागणार आहे. त्यासाठी जुन्या यंत्रांबरोबर त्यांची कोटेशने आणि बिलेही जपावीत, अशी विभागांना सूचना आहे. जडसंग्रहाच्या नोंदवहीस चिकटवलेला तो पिवळा कागद वरवर क्षुद्र दिसतो. परंतु त्यात कार्डाची ओळ आहे, कुलपाची ओळ आहे, की दोन्ही नाहीत, एवढ्यावरून त्या यंत्रावर लिहिलेला मजकूर आज कोणत्या सारणीने उलगडावयाचा, याचा पहिला अंदाज बांधता येतो.