सशाच्या हाडातून न निघालेले टायटॅनियम

मे २०२१ मध्ये केंद्राने म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीची, नोंद बंधनकारक करण्यास राज्यांना सांगितले, तेव्हा रायपूरच्या एम्समध्येही हे रुग्ण दाखल होत होते. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि मृत हाड कापून काढावे लागते. अनेकांचा जीव वाचला, पण वरचा जबडा गेला. घोट घेतला की पाणी नाकात येते, बोललेले समोरच्याला उमगत नाही. कवळी लावावी, तर तिलाही टेकायला हाड हवे.

या रुग्णांना आज जो उपाय मिळू शकतो, त्याचा उगम दंतवैद्यकात नाही. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. त्यासाठी हाडात बसविलेला लहानसा कक्ष टायटॅनियमचा होता. हा धातू सुचविला होता हान्स एम्नेउस या अस्थिशल्यविशारदांनी. प्रयोग संपल्यावर कक्ष काढू गेले, तर तो निघेना! हाड त्याला घट्ट बिलगले होते. भौतिकीच्या अभ्यासकाला यात गंमत वाटते ती अशी, की टायटॅनियमवर हवेत लगेच काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर चढतो. हाडाची गाठ पडते ती या थराशी, धातूशी नव्हे.

१९६५ मध्ये योस्टा लार्सन यांच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसले आणि २००६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत टिकले. दंतवैद्यकाचा विश्वास मात्र १९८२ च्या टोरंटो परिषदेनंतरच बसला. इतका उशीर मला अन्यायाचा वाटत नाही. त्याआधीचे कितीतरी धातूंचे दात सैल होऊन पडले होते.

पण स्क्रूला हाड लागतेच. ते नसेल तर? ब्रोनेमार्क यांनी गालाच्या हाडाचा आधार घेतला. साधा स्क्रू साधारण १० मिलिमीटरचा; हा ३० ते ५० मिलिमीटरचा, डोळ्याच्या खोबणीजवळून जाणारा. त्यांचे सुरुवातीचे रुग्णही कर्करोगाने वा अपघाताने जबडा गमावलेले होते. २०२१ नंतर भारतीय शल्यविशारदांनी तोच मार्ग काळ्या बुरशीच्या रुग्णांसाठी वापरला. मात्र आधी मधुमेह आटोक्यात यावा लागतो आणि बुरशी परतलेली नाही याची खात्री करावी लागते. तोवर टाळूचे भोक ॲक्रिलिकच्या झाकणाने बुजवितात. जेवताना ते तोंडात असावे लागते, आणि रोज काढून धुवावे लागते. औषधांवरच सारे पैसे गेलेल्या घरांत कित्येकदा उपचार त्या झाकणापाशीच थांबतो.