मोहराची साक्ष

माझ्या पणजीला इंग्रज म्हटला की एकच साहेब आठवायचा. तो लढायला आला नव्हता, सारा वसूल करायलाही नव्हता. तो सूर्य बघायला आला होता.

"सायबान हयसर दुर्बीण लावल्यान," ती सांगायची. मग शेंगा सोलायच्या राहून जायच्या. "गोरे खलाशी रोज किल्ल्यात कवायत करीत. हातात बंदूक नाय, काय नाय. नुसते आकडे मोजीत." बंदुकीशिवाय कवायत कशाला, हे कोडं तिला अखेरपर्यंत सुटलं नाही. पुढचं मात्र ती डोळे मिटून सांगायची. भर दुपारी काळोख पडला, कोंबडे खुराड्यात जाऊन बसले, घरातल्या गरोदर काकीला आतल्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. आणि शेवटी, दर वेळी, न चुकता: "आंब्याक मोहर इल्लो. मोहर करपतलो म्हणान माजी आये घाबरलेली."

ती हे सांगायची ते १९६८-६९ च्या मे महिन्यात. आम्ही भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचो, रात्रभर ओकायचो आणि विजयदुर्गला उतरायचो. मी आठ-नऊ वर्षांचा, पणजी ऐंशीच्या घरात. जन्मसाल तिला ठाऊक नव्हतं. ग्रहण झालं तेव्हा परकरी पोर होते, एवढाच तिचा हिशेब.

विजयदुर्गात जाणारा माणूस आधी फसतो. तीन बाजूंना समुद्र आणि जमिनीकडून एकच वाट. पूर्वी तिथेही खंदक होता. बाहेरच्या मारुतीला नमस्कार करून तटाच्या कडेकडेने वळत गेलं की मग कुठे दरवाजा दिसतो. तोवर वरच्या माणसाने आपल्याला चांगलं तासभर न्याहाळलेलं असावं, असं वाटतं. आत एकामागे एक तिहेरी तटबंदी. मूळ किल्ला शिलाहार भोजाच्या काळातला, बाराव्या शतकाच्या अखेरचा. जवळच्या गिर्ये गावावरून त्याला घेरिया म्हणत. इंग्रजांच्या दफ्तरात तो शेवटपर्यंत 'घेरिया'च राहिला. शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला, वाढवला आणि त्याचं नाव विजयदुर्ग झालं.

आजोबांच्या गोष्टी पणजीच्या गोष्टींहून वेगळ्या. त्यांत तोफा असायच्या. दर्याकडच्या बुरजावर मला उभं करून ते हाताने पाण्यात रेघ ओढायचे: "त्या पाण्याखाली भिंत आसा. इंग्रजांची गलबतां तिच्यार आपटान फुटली." आम्ही पोरं हसायचो. समुद्रात भिंत बांधायला गवंडी काय मासे होते? पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक पाण्यात उतरले आणि त्यांना खरोखरच दगडी भिंत दिसली, १२२ मीटर लांबीची. ती कोणी घातली, निसर्गाने किती आणि माणसाने किती, यावर वाद घालणारे आजही आहेत. आजोबांचा वाद नव्हता. एवढं खरं की १७१७ आणि १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबईहून आरमार आणून पाहिलं आणि दोन्ही वेळा हात हलवत परत गेले.

१७५६ ची गोष्ट आजोबा बुरजावर सांगत नसत. ती घरी, जेवणं झाल्यावर, आवाज खाली आणून. किल्ला तेव्हा तुळाजी आंग्र्यांकडे होता. तो कोणालाच जुमानत नव्हता, पेशव्यांनाही नाही. म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनची जहाजं खाडीच्या तोंडाशी उभी राहिली. जमिनीवर उतरायला क्लाइव्ह होता, तोच, जो सोळा महिन्यांनी प्लासीला दिसला. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेलेला. १२ फेब्रुवारीला इंग्रजांचा एक गोळा आंग्र्यांच्याच ताब्यातल्या 'रिस्टोरेशन' जहाजावर पडला. हे जहाज त्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलं होतं. ते पेटलं, त्याच्या शेजारचं पेटलं, आणि शेजारीशेजारी बांधलेलं सगळं आरमार रात्रीत जळून गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली आणि बाणकोट पदरात पडल्यावरच किल्ला पेशव्यांना दिला. तुळाजी कैदेतच मेला.

"आपलीच होडी आपणच जाळल्यानी," आजोबा म्हणायचे आणि कंदील बारीक करायचे. इतिहासकार हेच लांबलचक वाक्यांत लिहितात.

नंतर पेशव्यांच्या आरमाराची सूत्रं धुळपांकडे आली. १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडून आणलं, तेव्हा विजयदुर्गाने थोडं उट्टं काढलं. पण १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला तो गेलाच. त्यानंतर ऐंशी वर्षांनी पणजीचा साहेब आला.

किंवा त्यानंतर पन्नास वर्षांनी. गोंधळ इथेच आहे.

किल्ल्यात चढून गेलं की दगडी ओटे दिसतात. चौकोनी, बसके, कडा झिजलेल्या, सांध्यांतून गवत उगवलेलं. लोक त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. मागच्या खेपेला एक वाटाड्या आपल्या गटाला ठणकावून सांगत होता: १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर साहेबाने इथूनच दुर्बीण लावून हेलियमचा शोध लावला. दर वर्षी त्या दिवशी इथे हेलियम दिन साजराही होतो. पोरं सूर्यावर बोलतात, ते मला आवडतं. पण मी ओट्यावर हात ठेवून उभा होतो, आणि कानात पणजीचा मोहोर होता.

१८ ऑगस्ट १८६८ म्हणजे श्रावणातली अमावास्या. पिठोरी. आमच्याकडे त्या दिवसांत छपरातून पाणी ठिबकत असतं, समुद्र खवळलेला असतो, होडी पाण्यात घालत नाहीत. त्या आभाळात सूर्य शोधायला विलायतेहून कोण येईल? त्या दिवशी जमखंडीला जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसला होता, तर त्यालाही ढगांनी छळलं, आणि ते तर घाटमाथ्याच्या पलीकडचं, कोरडं गाव. ग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट फ्रान्सच्या जान्सेनने पाहिला तो पार पूर्वेला, गुंटूरला. नॉर्मन लॉकियर तेव्हा हिंदुस्थानात नव्हताच. तो लंडनमध्ये होता. तिथूनच २० ऑक्टोबरला त्याने ग्रहण नसतानाही सूर्याच्या ज्वाळा वर्णपटात पकडल्या. त्यांतली पिवळी रेघ सोडियमच्या रेघेजवळची, पण सोडियमची नव्हे. ती कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून तिच्या धन्याला हेलियम म्हणायचं ठरलं. पुढे सत्तावीस वर्षं हा हेलियम फक्त सूर्यावर होता. १८९५ मध्ये रॅम्सेने तो एका खनिजातून पृथ्वीवर काढून दाखवला.

आणि २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास ग्रहण लागलं. पौष अमावास्या. सावलीचा पट्टा तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावरून आत शिरला. पुण्याच्या कॉलेजातले नायगमवाला करमाळ्याजवळ जेऊरला जाऊन बसले. विजयदुर्गला लॉकियर स्वतः आला. वय एकसष्ट, हेलियमचं नाव जगभर झालेलं. सोबत 'मेलपोमिनी' या युद्धनौकेवरचे खलाशी. खग्रास स्थिती दोनेक मिनिटांची. तेवढ्यात कोणी काच बदलायची, कोणी झाकण काढायचं, कोणी सेकंद मोजायचे, हे अंगवळणी पडावं म्हणून तो खलाशांकडून रोज सराव करून घ्यायचा.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. बंदुकीशिवाय कवायत. आकडे मोजणारे गोरे. पणजीला जाऊन तीस वर्षं झाली होती.

म्हणजे गावाची आठवण खोटी नव्हतीच. हेलियमवाला साहेब आला होता, त्याने दुर्बीण लावली होती. तीसेक वर्षांच्या अंतराची दोन ग्रहणं लोकांनी एकावर एक ठेवली, एवढंच. शिकलेल्यांनी त्याला तारीख चिकटवली ती शोधाची. म्हाताऱ्या बाईकडे तारीख नव्हती. तिच्याकडे मोहोर होता, आणि देवगडच्या मातीत मोहोर ऑगस्टात येत नाही.

किल्ल्यावरून परतताना गिर्येच्या रामेश्वराला जावं. जांभ्यात खोदलेल्या वाटेने उतरत देवळापाशी पोचतो, भर उन्हात अंगावर गारवा येतो. वाघोटनच्या खाडीकडे आंग्र्यांची गोदी आहे, कातळ फोडून केलेली. भरती ओसरली की तिच्यात चिखल उरतो आणि चिखलात बगळे. जहाजं बांधणाऱ्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. मला किल्ल्याहून ही जागा जास्त बोलकी वाटते, पण हे मत घरात कोणालाच पटत नाही.

मुंबई-गोवा महामार्ग तळेऱ्याला सोडायचा, पुढे पन्नासेक किलोमीटर. जाल तर पौषात जा. पावसाळ्यात तट निसरडे होतात आणि मे महिन्यात कातळ पाय भाजतो. जानेवारीत दुपारी ओट्यावर बसा, टोपी घाला, सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. वाटेत दोन्ही बाजूंच्या कलमांना मोहोर आलेला असेल.