आपल्या कॉलेजची मुलं

सत्तर-ऐंशीच्या दशकात मुंबईत एमबीबीएस झालेला एखादा डॉक्टर भेटला तर त्याला एकच विचारून बघा, 'एमडीची सीट कशी मिळायची हो तेव्हा?' अर्धा तास तरी सुटका नाही. अमक्या सरांचा जावई, तमक्याची गायनॅकची जागा आधीच ठरलेली, तोंडी परीक्षेत कुणाला नुसतं नाव विचारून सोडलं... यातलं खरं किती आणि जागा हुकलेल्यांनी रचलेलं किती, देव जाणे. पण या कुजबुजीला एक छापील आधार होता, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

केईएमचं जी. एस., सायनचं लोकमान्य टिळक आणि नायरचं टोपीवाला. तिन्ही कॉलेजं महापालिकेची, तिन्ही मुंबई विद्यापीठाची. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, पेपरसुद्धा तेच. तरीही एमडी-एमएसच्या जागा भरताना प्रत्येक कॉलेज आधी आपल्याकडे एमबीबीएस झालेल्यांना घ्यायचं, उरल्या तर बाकीच्यांना. म्हणजे सायनच्या मुलीला केईएमच्या मुलापेक्षा जास्त मार्क असले तरी केईएमच्या दारात ती मागे. यात चोरून काही नव्हतं. नियमच तसा होता.

आता बघा, नियमच जर 'आधी आपली मुलं' म्हणत असेल, तर 'आपली' हा शब्द कुठे थांबवायचा? आज कॉलेजची, उद्या सरांच्या युनिटमधली, परवा सरांच्या घरातली. बाहेर उभ्या असलेल्याला यातला फरक दिसणार कसा? त्यात एमबीबीएसचे मार्क देणारे मास्तर बरेचसे याच कॉलेजांतले. अफवा पिकायला याहून सुपीक जमीन कुठली?

आणि मग एक अफवा कोर्टात जाऊन उभी राहिली. प्रकरण प्रवेशाचं नव्हे, एमडीच्या परीक्षेचं होतं. 1985 च्या परीक्षेत मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या मुलीचे गुण वाढवले गेले, अशी तक्रार त्याच परीक्षेत नापास झालेल्या एका डॉक्टरने मुंबई हायकोर्टात केली. गुणांत फेरफार झाल्याचं कोर्टाने मानलं, ताशेरे ओढले, आणि मार्च 1986 मध्ये निलंगेकरांना जावं लागलं. जेमतेम नऊ महिन्यांची कारकीर्द. मुख्यमंत्र्यांनी तसं करायला सांगितलं याचा थेट पुरावा नव्हता. पण परिस्थितीवरून येणारा संशय कोर्टाला नजरेआड करता आला नाही. एका नापास परीक्षार्थीच्या अर्जाने मुख्यमंत्री बदलला, हे आज सांगितलं तर तरुण पोरांना खोटं वाटतं.

पण तो छापील नियम? तो तसाच होता. मुळात 1984 मध्ये प्रदीप जैन खटल्यात सुप्रीम कोर्टानेच पदव्युत्तर प्रवेशात आपल्या विद्यापीठाच्या मुलांना मर्यादित प्राधान्य द्यायला मुभा दिली होती. महापालिकेच्या कॉलेजांनी त्याहून बारीक कुंपण घातलं होतं, एकाच विद्यापीठाच्या आत. मुंबई हायकोर्टाने ते रद्द केलं. महापालिका अपिलात गेली, आणि 1989 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं: परीक्षा एकच असताना कॉलेज बघून मागेपुढे करता येणार नाही. या निकालाची चर्चा निलंगेकर प्रकरणाच्या शतांशानेही झाली नाही. त्यात मंत्री नव्हता ना!

असो. विद्यापीठाचं कुंपण मात्र टिकलं. 2003 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते निम्म्या जागांपुरतं आणलं. जानेवारी 2025 मध्ये राज्यात राहतो म्हणून पदव्युत्तर प्रवेशात आरक्षण देणं घटनाबाह्य ठरलं, तेव्हाही संस्थेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना काही जागा ठेवण्याची मुभा कायम राहिली. फक्त त्या जागांसाठीही आता देशभराची एकच परीक्षा द्यावी लागते, आणि आपल्या कॉलेजच्या मास्तरांना तिच्यात मार्क देता येत नाहीत.