मादीच्या शोधात

साल १८९५. तुम्ही दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, झुलूलँडमधल्या न्गोये जंगलाच्या कडेला उभे आहात. पायाखाली दक्षिणेकडे तोंड केलेला तीव्र उतार. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेच्या बाजूने फिरतो, म्हणून इथे ऊन बेताचं आणि ओल जास्त. आतल्या दाट रानातून हिरव्या तांबटाची एकसुरी हाक ऐकू येते.

तुमच्या पुढे साठी ओलांडलेले एक गृहस्थ चालले आहेत. हे जॉन मेडली वुड, डर्बनच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख. ते थबकतात. समोर एकाच जागी चार खोडं उभी आहेत आणि त्यांच्या माथ्यावर गर्द हिरव्या, चकाकत्या पानांचा छत्रीसारखा घेर. एकेक पान दोन-अडीच मीटर लांब.

खोडावरून हात फिरवा. झडलेल्या पानांचे कठीण तळ बोटांना लागतील. माड-पामशी या झाडाचं काही नातं नाही. हे सायकॅड, आपल्या बागांतल्या सायकसच्या गणगोतातलं. याला फूल येत नाही, फळ धरत नाही. बी शंकूत उघडं वाढतं. काही मुळं खाली न जाता वर येतात आणि त्यांत राहणारे नीलहरित जीवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवतात. नर वेगळा, मादी वेगळी. नराच्या शंकूतले परागकण मादीपर्यंत न्यायचं काम या गटात मुख्यतः सोंडकिडे करतात.

चारही खोडं नराची आहेत. मादी कुठे असेल? उतार चढून बघा, उतरून बघा. मिळत नाही. वुड बुंध्याशी आलेले फुटवे काढून डर्बनला पाठवतात.

आता १९०७. वुड यांचे सहकारी जेम्स वायली दोन मोठी खोडं उपटून डर्बनला नेत आहेत. पुढच्याच वर्षी या जातीला वुड यांच्या सन्मानार्थ एन्सेफॅलार्टोस वुडी हे नाव मिळतं. १९१२ मध्ये पुन्हा या: उतारावर एकच खोड उरलंय, तेही जखमी. १९१६ मध्ये वनखातं ते काढून प्रिटोरियाला हलवतं. १९६४ मध्ये ते तिथे मरतं. रानातून ही जात संपली आहे.

लंडनच्या क्यू उद्यानात चला. १८९९ साली इथे आलेल्या रोपाला २००४ मध्ये पहिल्यांदा शंकू आला, आणि तोही नराचाच. येणार तरी कसा दुसरा? जगभरच्या उद्यानांतली सगळी झाडं त्या चार खोडांपासूनच आलेली, म्हणजे जनुकांच्या हिशेबाने एकाच झाडाच्या प्रती. जवळच्या एन्सेफॅलार्टोस नटालेन्सिसच्या मादीशी संकर करता येतो, पण ती संतती मिश्र असते. पुढच्या मादी रोपांचा वुडीशी पुन:पुन्हा संकर केला तर मूळ जातीच्या जवळ जाता येतं. पूर्ण वुडी मात्र मिळत नाही.

आणि आता आजचं न्गोये. मादीच्या शोधात डोक्यावर ड्रोन फिरतोय. साउथॅम्प्टन विद्यापीठाचा प्रकल्प संगणकाला हवाई छायाचित्रांतून सायकॅड ओळखायला शिकवतो आहे. २०२४ साली संशोधकांनी माहिती दिली तेव्हा जंगलाचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग तपासून झाला होता. म्हणून आशा ठेवायला जागा आहे, आणि मीही ती ठेवतो.

पण शंभराहून अधिक वर्षं चालून आलात, तर एक गोष्ट नीट पाहून घ्या. वुड आणि वायली यांनी झाड वाचवलं, त्यांचे उपकार आहेत. जात मात्र वाचली नाही. जातीला नर-मादी लागतात, त्यांच्यामध्ये ये-जा करणारा किडा लागतो, बी रुजेल असा उतार लागतो. काचघरात यातलं काहीच पुरवता येत नाही.

याच वंशातली नुबिमोंटानस ही जातही आता रानात उरलेली नाही. तिचा घास बाग सजवणाऱ्यांच्या हौसेने घेतला. या संपूर्ण वंशाला आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटीस करारात सर्वांत कडक संरक्षण आहे, तरी रानातून खोडं चोरीला जातात आणि डर्बनच्या औषधी बाजारात त्यांची साल विकली जाते. ज्या जातींत अजून नर आणि मादी दोन्ही जिवंत आहेत, त्यांच्या टेकड्यांवर राखणदार, बीजपेढी आणि रोपवाटिका आजच हव्यात. शेवटच्या चार खोडांपाशी पोचल्यावर केलेली धावपळ वुडीला अपुरी पडली.