दारू, अमली पदार्थ आणि गुन्हे: संशोधन करणारे कोण असतात?

आलापल्लीसारख्या गावात व्यसनाच्या पाहणीसाठी कोणी दारात आलं, की पहिली शंका येते, "हे पोलिसांचे तर नाहीत?" शंका रास्त आहे. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. त्यामुळे "घरात कोणी पितं का?" या प्रश्नाला खरं उत्तर देणं म्हणजे गुन्हा कबूल करणं वाटतं. मग आजारही लपवला जातो.

हे संशोधक एकाच शाखेचे नसतात. मनोविकारतज्ज्ञ व्यसनाकडे आजार म्हणून पाहतात. अमली पदार्थांची 2019 मध्ये प्रसिद्ध झालेली देशव्यापी पाहणी दिल्लीच्या एम्समधील व्यसनोपचार केंद्राने केली होती. सार्वजनिक आरोग्याचे डॉक्टर एका रुग्णाऐवजी अख्खं गाव तपासतात. जवळचं उदाहरण म्हणजे डॉ. अभय बंग. ते मेडिसिनचे एमडी असून, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. दोघांनी 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. दारू आणि तंबाखू (आपल्याकडचा खर्राही त्यातच आला) कमी करण्यासाठीचं 'मुक्तिपथ' हे तिचंच काम.

गुन्हेशास्त्राचे अभ्यासक बहुधा समाजकार्य, कायदा, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्रातून आलेले असतात. त्यांचा बराच भर पोलीस नोंदींवर असतो. इथे जरा जपून वाचावं. दारूबंदीत धाडी वाढल्या की गुन्ह्यांचा आकडा वाढतो, पिणारे तेवढेच असले तरी.

नावापुढचं "डॉ." पीएचडीचंही असू शकतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ समुपदेशन करतात, औषध लिहून देत नाहीत. तेव्हा शिक्षण काय, हे सरळ विचारा. त्यात उद्धटपणा नाही.

संमतीपत्र वाचून घ्या किंवा वाचून दाखवायला सांगा. नाव नोंदणार का, माहिती कोणाला दिसणार आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का, हेही विचारा. नकार देण्याचा किंवा मध्येच थांबण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यामुळे उपचार अडवता येत नाहीत.

मात्र प्रश्नावली भरून दिली म्हणजे उपचार सुरू झाले असं नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्यांच्या दबावाखाली एकदम दारू सोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, झटके किंवा भ्रम होऊ शकतो. झटका आला किंवा माणूस बरळू लागला, तर वाट न पाहता रुग्णालयात न्या. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी 14446 हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.