शंख आणि त्यातला जीव

मराठीत आपण शंखशिंपले 'वेचतो'. हे क्रियापद फुलांना आणि शेतात सांडलेल्या दाण्यांना चालते. जे आपोआप गळून पडले आहे ते उचलावे, एवढाच त्याचा भाव. हिंसेची छटा त्यात नाही. परंतु छंद म्हणून शंख जमवण्याचा इतिहास पाहू लागलो की हे क्रियापद अपुरे पडते. जाणत्या संग्राहकाच्या कपाटातले उत्तम नमुने बहुधा वेचलेले नसतात. ते जिवंत प्राण्यापासून काढून घेतलेले असतात. कारण साधे आहे. प्राणी मेल्यावर कवच लाटांबरोबर वाळूवर घासले जाते, रंग उडतो, कडा झिजतात. कवडीची झळाळी तर तिच्यावर पसरणाऱ्या प्राण्याच्या मांसल आवरणामुळेच टिकून असते. म्हणजे नमुन्याची निर्दोषता ही बहुतेक वेळा, तो उचलला तेव्हा आत जीव होता, याचीच साक्ष असते. या छंदाचा नैतिक प्रश्न इथून सुरू होतो.

सतराव्या शतकात डच जहाजांमधून पूर्वेकडचे शंख युरोपात पोचू लागले आणि धनिकांच्या दिवाणखान्यांत त्यांची कपाटे उभी राहिली. रेम्ब्राँने १६५० साली अशाच एका शंखाचे एचिंग केले. छापताना प्रतिमा उलटते हे ध्यानात ठेवून त्याने स्वतःची सही उलटी कोरली. शंख मात्र दिसला तसाच कोरला. परिणामी छापील चित्रातल्या शंखाचे वेटोळे निसर्गातल्या दिशेच्या नेमके उलट गेले. पृष्ठावरची नक्षी इतक्या निष्ठेने टिपणाऱ्या कलावंताला त्या प्राण्याच्या वाढीची दिशा महत्त्वाची वाटली नसावी. त्याच शतकात आंबोन बेटावर कंपनीच्या चाकरीत असलेला रुम्फियस मात्र प्राण्याकडेही पाहत होता. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली, तरी त्याने काम सोडले नाही. त्याचा शंखांविषयीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात जीवांच्या सवयींची टिपणे आहेत आणि कवच मांसापासून स्वच्छ कसे करावे याच्या सूचनाही आहेत. जिज्ञासा आणि वध यांची ही शेजारीण पुढेही सुटली नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना एडगर अॅलन पो या प्रकरणात भेटतो, हे कदाचित अनपेक्षित वाटेल. १८३९ साली त्याच्या नावावर शंखशास्त्राचे एक प्राथमिक पाठ्यपुस्तक निघाले. थॉमस वायट या लेखकाच्या महागड्या ग्रंथाची ती स्वस्त आवृत्ती होती, आणि चित्रे थॉमस ब्राउन यांच्या पुस्तकावरून घेतलेली असल्याने पुढे पोवर वाङ्मयचौर्याचा आरोपही झाला. तो आरोप बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. केवळ कवचाचे वर्णन करणाऱ्या प्रचलित पद्धतीत या पुस्तकाने आतल्या प्राण्याच्या वर्णनाची भर घातली. स्टीफन जे गुल्ड यांनी पुढे या पुस्तकाची बाजू मांडताना याच गुणाकडे लक्ष वेधले. कवचाचे शास्त्र आणि प्राण्याचे शास्त्र हा भेद दिसायला पारिभाषिक आहे. पण आपण नेमके कशाला 'शंख' म्हणतो, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

या प्रश्नाची सर्वांत वेदनादायी कहाणी इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यावर घडली. फिलिप हेन्री गॉस हे श्रद्धाळू निसर्गअभ्यासक. १८५३ आणि १८५४ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकांनी खडकांतल्या डबक्यांचे सौंदर्य हजारो वाचकांना दाखवले आणि घरोघरी काचेच्या मत्स्यालयांची हौस पसरवली. मग बरण्या आणि हातोड्या घेतलेले हौशी लोक किनाऱ्यावर लोटले. समुद्रफुले, शंख, शेवाळ, जे हाती लागेल ते निघून गेले. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ च्या 'फादर अँड सन' या आत्मकथनात हा विध्वंस नोंदवला आहे आणि आपल्याच पुस्तकांमुळे तो घडला याचा वडिलांना मनस्ताप झाला, असेही सांगितले आहे. इथे खलनायक कोणी नाही. प्रत्येकाने थोडेच नेले, आणि तेही प्रेमाने.

दुसरे टोक दुर्मिळतेच्या मोहाचे. 'समुद्राचे वैभव' अशा अर्थाचे नाव लाभलेल्या एका शंखाचे १७७७ मध्ये प्रथम वर्णन झाले आणि पुढे जवळजवळ दोन शतके त्याचे मोजकेच नमुने माहीत होते. आपल्याकडचा नमुना एकमेव राहावा म्हणून एका संग्राहकाने लिलावात दुसरा विकत घेऊन पायाखाली चिरडला, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, ती इतकी वर्षे सांगितली गेली यातच संग्राहकवृत्तीचे मर्म आहे. १९६९ साली ग्वादलकनाल बेटाजवळ पाणबुड्यांना या शंखाचा अधिवास सापडला, नमुने शंभराहून अधिक मिळाले आणि किंमत कोसळली. प्राणी होता तसाच होता. बदलले होते ते फक्त आपले मोजमाप.

संग्राहकांची बाजूही ऐकली पाहिजे. ह्यू कमिंगसारख्या संग्राहकांनी जमवलेल्या नमुन्यांवर शास्त्राच्या कितीतरी जातींची नावे उभी आहेत. समुद्रतळ खरवडणारी जाळी, भराव आणि शोभेच्या वस्तूंचा घाऊक व्यापार यांच्यापुढे एकट्या हौशी माणसाने केलेली हानी क्षुल्लक ठरते, हा युक्तिवाद खोटा नाही. मात्र दुसऱ्याचा अपराध मोठा असल्याने आपला नाहीसा होत नाही. डेव्हनची डबकी कोणा कारखान्याने रिकामी केली नव्हती. फ्लोरिडातील सॅनिबेल बेटावर, जिथे शंख जमवणे हीच पर्यटनाची ओळख आहे, तिथे १९९५ पासून जिवंत शंख उचलण्यास बंदी आहे. आपल्याकडे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत अशा प्राण्यांच्या २४ जाती आल्या.

कायदा सीमा आखतो, दृष्टी देत नाही. ती भाषेत शोधावी लागेल. 'तिसऱ्या' किंवा 'कालवं' म्हणताना कोकणातल्या माणसाच्या मनात जीव असतो, कारण तो ते खातो आणि आपण काय खातो हे जाणतो. 'शंख', 'कवडी' म्हणताना मात्र डोळ्यांसमोर रिकामे, स्वच्छ कवच येते; जणू ते तसेच जन्मले. भुकेसाठी जीव घेणारा निदान त्या जीवाला नाव देतो. हौसेसाठी घेणारा त्याला नाव देत नाही, आणि मांस काढून टाकल्यावर त्याची खूणही ठेवत नाही. म्हणून या छंदाची पहिली नैतिक अट अशी मानावी की समोरचे कवच रिकामे आहे का, हे उचलण्यापूर्वी उलटून पाहावे. आत कोणी असेल, मग तो मूळ मालक असो की नंतर राहायला आलेला खेकडा, तर ते होते तिथेच ठेवावे. असा संग्रह थोडा झिजलेला, थोडा फिकट असेल. पण त्याला 'वेचलेला' हे क्रियापद खरेच शोभेल.